आहाराचा प्रश्न आणि परदेशातलं शिक्षण : कमला सोहोनी आणि पां. वा. सुखात्मे



गेल्या व्याख्यानानंतर एक मुलगी मागे थांबली होती. पदवी झालेली, सप्टेंबरमध्ये इंग्लंडला निघालेली. विषय सार्वजनिक आरोग्य आणि पोषण. तिने मला विचारलं, "सर, या विषयासाठी आमच्या आधी इकडून कोण गेलं होतं?" मी पटकन आनंदीबाई जोशींचं नाव सांगून मोकळा झालो. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, उत्तर चुकलं. आनंदीबाई १८८३ साली अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये एम.डी. झाल्या, आणि १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. त्या वैद्यक शिकायला गेल्या होत्या. 'पोषण' हा स्वतंत्र विषय तेव्हा जन्मलाच नव्हता. 'व्हिटॅमिन' हा शब्दसुद्धा १९१२ सालचा.

म्हणून आज त्या प्रश्नाचं जरा सविस्तर उत्तर देतो. दोन माणसं घेऊ या. दोघं मराठी, दोघांचा जन्म १९११चा, दोघं १९३०च्या दशकात इंग्लंडला डॉक्टरेट करायला गेले. एक कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. दुसरे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. आणि आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर फसवलं असं वाटायला नको : या दोघांपैकी एकानेही इंग्लंडमध्ये 'पोषण' या विषयात पदवी घेतली नाही. एकीने तो विषय जाताना इथेच ठेवला आणि परत आल्यावर उचलला. दुसऱ्याला तो परत आल्यानंतर सापडला. मला यांची गोष्ट सांगाविशी वाटते ती नेमकी यासाठी.

कमलाबाईंपासून सुरुवात करू. यांची थोरली बहीण म्हणजे दुर्गा भागवत, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. खरं तर उलटं होतं, दुर्गाबाई सगळ्यांना माहीत आणि कमलाबाई 'दुर्गाबाईंच्या बहीण'. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघंही रसायनशास्त्रज्ञ, दोघंही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ती हीच. त्यामुळे १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी.ला पहिली आल्यावर कमलाने बंगलोरला अर्ज केला यात घरच्यांना नवल वाटलं नाही. नवल पुढे घडलं. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. १९३०चं नोबेल मिळालेले. त्यांनी प्रवेश नाकारला, आणि कारण एकच, ती मुलगी होती.

आता इथे आपल्याला सत्याग्रहाची गोष्ट आठवते, कारण ती फार सांगितली जाते. ती रामन यांच्याकडे गेली, कारण विचारलं, हटली नाही, शेवटी प्रवेश मिळाला. पण अटी बघा. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही, काम पसंत पडलं तरच प्रवेश पक्का. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करायचं. आणि तिसरी अट, प्रयोगशाळेतलं 'वातावरण' बिघडवायचं नाही. तिसरी अट पाळायची कशी, हे तिने कुणाला विचारलं असतं मला कळत नाही. वर्षभराने रामन यांचं समाधान झालं, आणि त्यानंतर मुलींसाठी तिथलं दार उघडलं. कमलाबाईंनी मात्र हे कधी गोड करून सांगितलं नाही. उतारवयातसुद्धा त्यांनी तो अपमान अपमान म्हणूनच सांगितला. मला हे महत्त्वाचं वाटतं. 'शेवटी सगळं चांगलं झालं' असं म्हणून आपण अशा गोष्टी फार लवकर मिटवून टाकतो.

बरं, पण बंगलोरला ती करत काय होती? श्रीनिवासय्या हे तिचे मार्गदर्शक. ती दुधातल्या आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम करत होती. म्हणजे आपण रोज जे खातो तेच. शाकाहारी माणसाला प्रथिनं मिळणार कुठून, तर दुधातून आणि डाळीतून. त्यांत नेमकं काय आहे, किती आहे, हे मोजायचं. १९३६ साली तिला एम.एस्सी. मिळाली. म्हणजे जाण्याआधीच अन्नाचा प्रश्न तिच्या हातात होता. हे लक्षात ठेवा, कारण केंब्रिजमध्ये तो हातातून सुटतो.

केंब्रिज का? तिथे सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स होते म्हणून. हॉपकिन्स यांचा १९१२चा प्रयोग पोषणशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात पहिल्या काही पानांत असतो. लहान उंदरांना शुद्ध केलेलं अन्न द्यायचं : शुद्ध प्रथिन, पिष्ट, साखर, चरबी, क्षार. पोट भरायला सगळं आहे. उंदीर वाढत नाहीत. त्याच अन्नाबरोबर रोज जेमतेम दोन-तीन मिलिलिटर दूध द्या, उंदीर वाढायला लागतात. इतक्या थोड्या दुधातून ऊर्जा काही फार मिळत नाही. म्हणजे अन्नात आणखी काहीतरी आहे, जे अगदी थोडं लागतं पण लागतंच. यासाठी त्यांना १९२९ चं नोबेल मिळालं, आइकमान यांच्याबरोबर विभागून. तर आहाराची ओढ असलेली विद्यार्थिनी हॉपकिन्सकडे जाणार, हे सरळच आहे.

हॉपकिन्स यांची आणखी एक गोष्ट होती. त्यांच्या विभागात बायका काम करत. एखाददुसरी नव्हे, बऱ्याच. मार्जरी स्टीफनसन तिथल्याच, १९४५ मध्ये रॉयल सोसायटीने पहिल्यांदा ज्या दोन स्त्रियांना फेलो केलं त्यांतल्या एक. हॉपकिन्स यांना यावरून टोमणे मारले जात. पण त्यांच्या विभागाबाहेरचं केंब्रिज वेगळं होतं. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण आपल्याकडे ही गोष्ट 'बंगलोरने नाकारलं, केंब्रिजने स्वीकारलं' अशी सांगितली जाते आणि ऐकायला फार बरी वाटते. वस्तुस्थिती अशी की तेव्हा केंब्रिजमध्ये मुलींची दोनच कॉलेजं, न्यूनहॅम आणि गर्टन. मुलींनी परीक्षा द्यावी, पास व्हावं, नावापुढे पदवी लावावी, पण विद्यापीठाचं सभासदत्व नाही. कारभारात मत नाही. स्त्रियांना पूर्ण पदवी मिळायला लागली १९४८ साली. आपल्याला स्वातंत्र्य मिळाल्यानंतर! म्हणजे कमला भागवतला १९३९ मध्ये जी पीएच.डी. मिळाली ती याच अर्धवट व्यवस्थेतली. बंगलोरची अट रामन यांनी तोंडावर सांगितली. केंब्रिजची अट नियमांच्या पुस्तकात होती, ती कुणी तोंडावर सांगायची गरज नव्हती, एवढाच फरक.

तिथे ती आधी डेरेक रिश्टर यांच्याबरोबर काम करू लागली. ते दुसरीकडे गेले, मग रॉबिन हिल यांच्याकडे. वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासात 'हिल अभिक्रिया' म्हणतात ते हे हिल. आणि इथे तिचा विषय बदलला. सायटोक्रोम नावाचे पेशीतले श्वसनाशी संबंधित रंगद्रव्य-प्रथिनांचे प्रकार केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये उजेडात आणले होते. ऑक्सिजन वापरून पेशी ऊर्जा मिळवते त्या साखळीतली ही एक कडी. प्राण्यांत हे बरंच तपासलं गेलं होतं. कमलाने बटाट्यापासून सुरुवात करून वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी आहे हे दाखवलं. प्रबंध चाळीस पानांचा. काम साधारण चौदा महिन्यांचं. आजकाल पहिल्या प्रकरणाला चाळीस पानं लागतात. (हशा)

एक दुरुस्ती जाता जाता. इंटरनेटवर तुम्हाला 'विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री' असं त्यांच्याबद्दल सापडेल. ते बरोबर नाही. जानकी अम्मल यांनी १९३१ मध्येच अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती. कमलाबाईंचं कर्तृत्व 'पहिली' या शब्दाशिवायही पुरेसं मोठं आहे. आपण उगाच हा शब्द सगळ्यांच्या गळ्यात बांधतो.

तर बघा, आहाराच्या ओढीने गेलेली मुलगी, आणि हातात काय आलं? बटाट्यातलं सायटोक्रोम. याने भारतातल्या एकाही कुपोषित मुलाला काही मिळणार नव्हतं. हे तक्रार म्हणून सांगत नाही मी. परदेशात डॉक्टरेट करणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत थोडंफार हेच होतं. तिथल्या प्रयोगशाळेला जो प्रश्न पडलेला असतो त्यातला एक तुकडा तुमच्या वाट्याला येतो. तुमचा प्रश्न बॅगेत राहतो. काहींचा कायमचा बॅगेत राहतो. कमलाबाईंना तिथे राहता आलं असतं, संशोधनाची वाट मोकळी होती. १९३९ मध्ये त्या परत आल्या.

आधी दिल्लीचं लेडी हार्डिंज कॉलेज, जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख. मग कुन्नूर. निलगिरीतल्या या गावाला आपल्या आजच्या विषयात फार मोठं स्थान आहे. १९१८ मध्ये तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीच्या चौकशीसाठी अगदी छोटं काम सुरू केलं. त्यातून न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरी उभी राहिली. तीच पुढे १९५०च्या दशकाअखेर हैदराबादला गेली आणि आजची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. मॅककॅरिसन यांचा एक प्रयोग तुम्हाला आवडेल. त्यांनी उंदरांचे गट केले आणि प्रत्येक गटाला भारतातल्या एकेका प्रांताचा आहार दिला. शिखांचा, पठाणांचा, मराठ्यांचा, गुरख्यांचा, कानडी, बंगाली, मद्रासी. शिखांच्या आहारावरचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट. दूध, तूप, गव्हाच्या पोळ्या, भाज्या. मद्रासी आहारावरचे, म्हणजे मुख्यतः भातावरचे, सर्वांत खाली. आणि मराठे? वरून तिसरे. म्हणजे फार वाईट नाही, पण अगदी मिरवण्यासारखंही नाही. (हशा) या प्रयोगातून निघालेले काही निष्कर्ष आज कुणी जसेच्या तसे मान्य करणार नाही, 'लढवय्या जमाती' वगैरे वासाहतिक कल्पनांचा वास त्यांना आहे. पण सडलेल्या तांदळाने काय गमावलं जातं, हे दाखवायला तो उपयोगी पडला.

कमलाबाई कुन्नूरला साहाय्यक संचालक म्हणून गेल्या आणि व्हिटॅमिनांवर काम करू लागल्या. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झालं, ते ॲक्च्युअरी, मुंबईचे. म्हणून कुन्नूर सुटलं. मुंबईत रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा विभाग सुरू झाला होता, तिथे त्या प्राध्यापक झाल्या. आणि इथे, माझ्या मते, बॅगेतला प्रश्न बाहेर आला.

बंगलोरला सोडलेली कडधान्यं परत आली. पण आता हातात एन्झाइमांचं केंब्रिजचं शिक्षण होतं. फरक काय पडला बघा. बंगलोरला प्रश्न होता, डाळीत प्रथिन किती? मुंबईत प्रश्न झाला, डाळीतलं किती प्रथिन पोटात पचतं? हे दोन प्रश्न सारखे वाटतात, सारखे नाहीत. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम प्रथिनांचे तुकडे करतं. आणि कच्च्या कडधान्यांत असे पदार्थ असतात, जे या ट्रिप्सिनलाच अडवतात. सोहोनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५०च्या दशकापासून भारतीय अन्नपदार्थांतले हे ट्रिप्सिन-रोधक तपासले. वालावरही काम केलं. आपल्या कोकणातल्या आयांना वाल रात्रभर भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे आणि मग चांगले शिजवायचे हे माहीतच होतं. प्रयोगशाळेने दाखवलं की यातलं शिजवणं सर्वांत महत्त्वाचं, उष्णतेने रोधक बराचसा निकामी होतो. एन्झाइम म्हणजे काय, ते वेगळं कसं काढायचं, त्याची ताकद कशी मोजायची, हे बटाट्याच्या चौदा महिन्यांत हाताला बसलेलं होतं. ते इथे कामी आलं.

दुसरं काम नीरेवरचं. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून ते सुरू झालं असं सांगतात. नीरा म्हणजे ताड, माड, शिंदी यांचा रस, पहाटे उतरवलेला. मडक्याला आतून चुना लावतात, नाहीतर ऊन चढेपर्यंत तिची ताडी होते. मुंबई राज्यात दारूबंदी होती, त्या काळात 'ताडी प्यायची नाही, नीरा प्या' हा सरकारी सल्ला होता, आणि त्याला पुरावा हवा होता. सोहोनींच्या चमूला नीरेत अ आणि क जीवनसत्त्वं आणि लोह लक्षणीय प्रमाणात मिळाली, आणि नीरेपासून केलेल्या गुळातही त्यांतलं काही टिकतं असं दिसलं. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना नीरा दिली तर प्रकृती सुधारते, असा त्यांचा अनुभव होता. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पदक मिळालं. मला विचाराल तर नीरेपेक्षा कडधान्यांचं काम जास्त टिकाऊ आहे. पण नीरेच्या कामात एक गोष्ट आहे : जे झाड गरिबाच्या बांधावर आहे, त्याच्याकडे आधी बघायचं. ही नजर केंब्रिजला शिकवत नाहीत.

इन्स्टिट्यूटच्या संचालकपदाची पाळी त्यांच्यावर वेळेत आली नाही. काही वर्षं ते पद त्यांना मिळू दिलं गेलं नाही. अखेर मिळालं. निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत होत्या. कन्झ्यूमर गायडन्स सोसायटीच्या त्या संस्थापक-सदस्यांपैकी, १९८२-८३ मध्ये अध्यक्ष, तिच्या 'कीमत' या मासिकात त्यांनी ग्राहकांसाठी लिहिलं. भेसळ, शुद्धता, घरच्या गोष्टी. केंब्रिजची डॉक्टरेट असलेली बाई हे लिहीत होती, आणि ते कमीपणाचं आहे असं तिला वाटलेलं दिसत नाही. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.

आता सुखात्मे. हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. फर्ग्युसन कॉलेज, गणित, १९३२. १९३३ मध्ये लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात. आणि ज्या वर्षी ते पोचले त्याच वर्षी तिथे एक वाटणी झाली होती. संख्याशास्त्राचे भीष्माचार्य कार्ल पिअर्सन निवृत्त झाले आणि त्यांच्या विभागाचे दोन तुकडे केले गेले. एक त्यांच्या मुलाकडे, एगॉन पिअर्सनकडे, दुसरा रोनाल्ड फिशरकडे. दोन तुकड्यांचं पटत नव्हतं. चहाची खोली एकच. एक गट चारला चहा प्यायचा, तो बाहेर पडला की साडेचारला दुसरा आत यायचा. परदेशात शिकायला जाणाऱ्यांनो, मोठमोठ्या विद्यापीठांतही असंच असतं, बिचकू नका. (हशा)

या वातावरणात १९३४ मध्ये पोलंडहून येर्झी नेमन आले. त्यांनी त्या वर्षी नमुना-पाहणीच्या सिद्धांतावर जो निबंध वाचला तो या विषयातला पायाचा दगड आहे. सगळं न मोजता थोडंसं मोजायचं, पण ते थोडं कसं निवडायचं म्हणजे सगळ्याबद्दल भरवशाने बोलता येईल? सुखात्म्यांनी याच विषयावर १९३५ मध्ये निबंध लिहिला. १९३६ मध्ये पीएच.डी., १९३९ मध्ये डी.एस्सी. अन्नाचा यात कुठे संबंध? काहीच नाही.

तो संबंध आला १९४० मध्ये, ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत लागल्यावर. देशात धान्य किती पिकतं? हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. जुनी पद्धत आणेवारीची. गावकामगार शेताकडे बघून सांगणार, पीक यंदा दहा आणे, बारा आणे. सोळा आणे म्हणजे पूर्ण. त्यावर सारामाफी ठरायची, त्यामुळे आकडा सांगणाऱ्याचं हित त्यात गुंतलेलं. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी पीक-कापणीची पद्धत बसवली. गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, त्यातली शेतं तशीच निवडायची, शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तो कापायचा, मळायचा, वजन करायचं. नेमन यांची कल्पना आता ज्वारीच्या शेतात उभी होती. या दोघांचं पुस्तक, पानसे-सुखात्मे, शेतकी कॉलेजांतल्या कित्येक पिढ्यांनी वापरलं आहे. इथे बसलेल्यांपैकीही कुणी वापरलं असेल.

पिकवलं किती, हे कळलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो : पुरतं का? १९५१ मध्ये सुखात्मे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले, आणि १९७० पर्यंत तिथे होते. तेव्हा एक वाक्य जगभर फिरत होतं की जगातली दोन तृतीयांश माणसं उपाशी आहेत. या संघटनेचे पहिले प्रमुख लॉर्ड बॉइड ऑर यांचं ते म्हणणं. सुखात्म्यांनी १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे हिशेब मांडला. त्यांच्या मते खऱ्या अर्थाने पोटभर न मिळणारे १० ते १५ टक्के, आणि पोट भरूनही आहार निकृष्ट असणारे धरले तर निम्म्यापर्यंत. भूक आणि कुपोषण या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. आज आपल्याला हे स्वाभाविक वाटतं. तेव्हा नव्हतं.

मग प्रथिनांचा वाद. १९६०च्या दशकात सगळीकडे 'प्रोटीन गॅप'ची हाकाटी होती. गरीब देशांना प्रथिनं कमी पडतात, म्हणून माशाची पूड द्या, सोयाबीनची बिस्किटं द्या, तेलावर वाढवलेले जिवाणू द्या. सुखात्म्यांनी भारतीय घरांच्या आहाराचे आकडे घेतले आणि म्हणाले, ज्यांच्या आहारात प्रथिन कमी दिसतं, त्यांच्या आहारात मुळात अन्नच कमी आहे. हेच वरण-भात, हीच भाकरी-आमटी पोटभर मिळू द्या, प्रथिन आपोआप पुरेल. अर्धपोटी माणसाला प्रथिन दिलं तर शरीर ते इंधन म्हणून जाळून टाकतं. हैदराबादला डॉ. गोपालन लहान मुलांच्या पाहण्यांवरून याच निष्कर्षाला आले होते. पुढे १९७४ मध्ये मॅक्लारेन यांनी 'लॅन्सेट'मध्ये या सगळ्या प्रथिन-मोहिमेला फजिती म्हटलं. इथवर सुखात्म्यांच्या बाजूने उभं राहायला सोपं आहे.

पुढचं कठीण आहे. ते पुण्याला परत आले. आणि तिथे गोखले इन्स्टिट्यूटमध्ये वि. म. दांडेकर होते, तेही मुळात संख्याशास्त्राचे. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात माणशी रोज सरासरी २२५० कॅलरी मिळण्याइतका खर्च, ही रेषा धरली. त्याखाली १९६०-६१ मध्ये खेड्यांतले ४० टक्के आणि शहरांतले ५० टक्के लोक. सुखात्मे म्हणाले, हे चूक आहे. २२५० ही सरासरी आहे. सरासरीच्या खाली असणं म्हणजे उपाशी असणं नव्हे. वर्गातल्या मुलांच्या चपलांचं सरासरी माप सात आलं, म्हणून सहा नंबर घालणाऱ्या प्रत्येकाला चप्पल तोकडी पडते असं म्हणाल का? माणसामाणसाची गरज वेगळी. आणि पुढे जाऊन बर्कलीच्या मार्गेन यांच्याबरोबर त्यांनी मांडलं की एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते, शरीर एका मर्यादेत स्वतःला सावरून घेतं. म्हणून उपाशी ठरवायचं तर रेषा सरासरीवर नको, बरीच खाली हवी. रेषा खाली आली की गरिबांचा आकडाही खाली येतो.

तुमच्या लक्षात आलं असेल, हे फक्त आकड्यांचं भांडण नाही. कुणाला रेशन, कुणाला काम, यावर ते उद्या उतरणार. दांडेकरांनी १९८१ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त कडक उत्तर दिलं. टीकाकारांचा मुख्य मुद्दा मला असा दिसतो : गरजा नैसर्गिकपणे कमीजास्त असतील, तर कमी गरज असलेली माणसं श्रीमंतांतही असायला हवीत आणि गरिबांतही, सारखीच. पण कमी खाणारे नेमके गरिबांतच का सापडतात? चपलेचं उदाहरण घेतलं तर, सहा नंबरची चप्पल नेमकी ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्याच पायात का? आणि शरीर सावरून घेतं हे खरं, पण कशाच्या बदल्यात? काम कमी होतं, मूल खुजं राहतं. पुढे अमेरिकेतल्या डेव्हिड सेकलर यांनी 'लहानखुरे पण निरोगी' असा युक्तिवाद केला, तेव्हा डॉ. गोपालन संतापले. गरिबांच्या मुलांची खुजी उंची चालवून घ्यायची, आपल्या मुलांची नाही, असा त्यांचा सवाल होता. गोपालन यांनीही लंडनमध्येच पीएच.डी. केली होती, बरं का.

या वादात सुखात्म्यांची एक बाजू विसरली जाते, आणि ती सार्वजनिक आरोग्याची आहे. ते सांगत होते की खेड्यात नुसतं धान्य ओतून भागणार नाही. पाणी घाण असेल, मुलाला महिन्यातून दोनदा हगवण होत असेल, पोटात जंत असतील, तर खाल्लेलं अंगी लागत नाही. भांड्याला भोक आहे, वरून किती ओतणार? यावर आज फारसं दुमत नाही. पण त्या काळी ते 'अन्न कमी द्या' याच्या बाजूचं म्हणून ऐकलं गेलं, आणि त्याला थोडेसे सुखात्मे स्वतःही जबाबदार होते, असं मला वाटतं.

प्रश्न घेतो. हो, तुम्ही, मागे.

(श्रोत्यांतून : मग बरोबर कोण होतं?)

संख्याशास्त्राच्या मुद्द्यावर सुखात्मे. सरासरी म्हणजे किमान नव्हे, हे कुणालाही मान्य करावं लागतं. पण त्यावरून गरीब किती ते ठरवायला निघाले तिथे दांडेकर, असं माझं मत आहे. एका माणसाच्या शरीरात दिवसागणिक होणारा बदल, यावर एवढी मोठी इमारत उभी करण्याइतका पुरावा नव्हता. सरकारने १९७९ मध्ये खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० कॅलरी धरल्या आणि त्यावर दारिद्र्यरेषा कितीतरी वर्षं चालली. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने रेषा कॅलरीला बांधणंच सोडून दिलं. म्हणजे भांडण सुटलं नाही, भांडणाची जागा बदलली.

(श्रोत्यांतून एक विद्यार्थिनी : सर, मी त्या दिवशी विचारलं होतं. मग प्रबंधाचा विषय तिथे जाऊन ठरवू, का इथून घेऊन जाऊ?)

अरे, तू आली आहेस! चांगलं झालं. हे बघ, विषय तुझे तिथले मार्गदर्शक ठरवतील, त्यात तुझं किती चालेल मला शंका आहे. कमलाबाईंचंही चाललं नाही. पण निघण्याआधी एक काम कर. तुझ्या आजीकडे किंवा गावाकडच्या कुणाकडे बसून एक वही लिही : पावसाळ्यात काय खाता, उन्हाळ्यात काय, बाळंतिणीला काय देता, धान्य कधी संपतं आणि संपल्यावर काय करता. तारखा घाल, वजनं घाल. वाटी म्हणजे किती ते मोजून लिही, कारण प्रत्येक घरातली वाटी वेगळी असते. ती वही बरोबर ने. वजन पाव किलोसुद्धा होणार नाही.

वेळ झाली. चहा खाली ठेवलाय.